गैरहजेरीचा मान

वेदीवर उभं राहिलं की फादरांना माणसं दिसत नसत, जागा दिसत. चष्मा जवळचा होता. तो नाकावर चढवला की पुस्तकातलं अक्षर लख्ख आणि समोरची सगळी मंडळी धुक्यात. तरी बारा वर्षांत त्यांचं कुठे अडलं नव्हतं, कारण या धर्मग्रामातला प्रत्येक भाविक रविवारी साडेआठच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, आपापल्या बाकावर, आपापल्या जागीच बसे आणि सहसा मरेपर्यंत ती सोडत नसे. डावीकडे तिसऱ्या बाकाच्या टोकाला शिंपीणबाई. खांबाआड घड्याळजी, कारण तिथे डुलकी दिसत नाही. उजवीकडे सगळ्यांत पुढे त्या बाई, ज्यांना त्या जागेवरून सगळेच बाकबाई म्हणत. जो आला तो धुक्यात मिसळून जाई. जो आला नाही तो मात्र पडलेल्या दातासारखा लगेच नजरेत भरे.

अशा या फादरांना बिशपांच्या कचेरीतून पत्र आलं. पत्राची भाषा इतकी गोड होती की पहिल्या ओळीनंतर त्यांनी खुर्ची ओढून बसून घेतलं. कचेरीने सगळ्या लहान धर्मग्रामांची पाहणी करायचं ठरवलं होतं. आजपासून सातव्या रविवारी एक फादर येतील, मागच्या बाकावर बसतील आणि डोकी मोजतील. शंभर भरली तर आनंदच आहे. शंभराच्या आत आली तर हा धर्मग्राम पुलापलीकडच्या मोठ्या धर्मग्रामात 'प्रेमपूर्वक सामावून घेण्यात येईल'.

फादरांच्या हातून आजवर दोन चर्चं प्रेमपूर्वक सामावली गेली होती. एकात आता सोफासेट मिळत, दुसऱ्यात बॅडमिंटनचे वर्ग चालत. हे तिसरं गेलं तर त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना चौथं कोणी देणार नव्हतं. मग वृद्ध धर्मगुरूंचं निवासस्थान. फादर ते एकदा बघून आले होते. इमारत स्वच्छ होती, लिफ्ट होती, बाग होती, आणि संध्याकाळी साडेसहाला प्रत्येकाच्या खोलीत ट्रेमधून सूप येत असे. त्या सूपाचा त्यांनी धसका घेतला होता.

सध्या मिस्सेला एकशे अठरा माणसं येत. म्हणजे अठरा हाताशी होती. पण गेल्या वर्षी अंत्यविधी अकरा झाले होते आणि बाप्तिस्मे दोन. सगळे फादरांनीच केलेले असल्यामुळे आकडा कुठल्या दिशेला निघालाय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी विचार करून एक योजना आखली. रविवारी जो दिसणार नाही त्याच्या घरी त्याच आठवड्यात जायचं. बोलायचं नाही, टोचायचं नाही, नुसतं बसायचं. माणूस आपोआप जोडला जातो. ही योजना त्यांनी पहिल्यांदा सांगितली ती त्यांचा स्वयंपाक आणि एकंदर कारभार बघणाऱ्या मावशींना.

"म्हणजे जे आले नाहीत त्यांच्या घरी जाणार?"

"हो."

"आणि जे आले त्यांच्या घरी?"

"ते आलेच ना, मावशी."

मावशींनी कोबी चिरायला घेतला. त्यांची कोबी चिरायची एक पद्धत होती, ती बघून समोरच्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटे. फादरांनी बघायचं टाळलं.

पहिल्या आठवड्यात तिसऱ्या बाकाचं टोक रिकामं दिसलं. शिंपीणबाईंचा पाय मुरगळला होता. फादर मंगळवारी तीन जिने चढून गेले, सव्वा तास बसले, त्यांच्या जावयाची हकिगत सुरुवातीपासून ऐकली, आणि बाई पडद्याचं कापड कापत होत्या तेव्हा त्याचं दुसरं टोक धरून उभे राहिले. निघताना त्यांनी शिलाई मशीनलासुद्धा आशीर्वाद दिला. पुढच्या रविवारी बाई लंगडत लंगडत हजर झाल्या आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी ही भेट जमलेल्यांना सांगितली. सांगताना सव्वा तासाचे अडीच तास झाले. कापड धरल्याचं मात्र त्यांनी वाढवलं नाही. ते आहे तसंच पुरेसं होतं.

ऐकणाऱ्यांत बाकबाई होत्या. एकतीस वर्षांत त्यांची एक मिस्सा चुकली नव्हती. तापात आल्या होत्या, सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या सकाळीही येऊन गेल्या होत्या. आणि फादर त्यांच्या घरी बारा वर्षांत एकदाच आले होते, तेही शेजाऱ्यांचं दार समजून. बाकबाई त्या दिवशी घरी गेल्या, बूट काढले आणि कपाटातून टेबलाचं नवं कापड काढून ठेवलं.

पुढच्या रविवारी पहिला बाक रिकामा. फादरांना चर्चची एक भिंतच नसल्यासारखं वाटलं. प्रवचनात त्यांचा धागा दोनदा तुटला. सोमवारी ते जवळजवळ धावतच गेले. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. टेबलावर नवं कापड, केक कापून ठेवलेला, आणि बाकबाई ठणठणीत.

"काय झालं होतं?" फादरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग रविवारी..."

"नव्हते आले," बाकबाई म्हणाल्या. एखाद्याने आपण पहिल्या वर्गात पास झाल्याचं सांगावं तसं. आणि त्यांनी केकचा दुसरा तुकडा फादरांच्या बशीत ठेवला.

त्या रविवारी मंडळी एकशे नऊ होती. पुढच्या रविवारी चौऱ्याण्णव. फादर रोज संध्याकाळी घरोघर हिंडू लागले. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी केक, आणि प्रत्येक घरी कालच्या घरी किती वेळ बसलात याची बारीक चौकशी. चाळीस मिनिटांत उठलेल्या घरचे लोक पुढच्या रविवारी पुन्हा गैरहजर राहत, कारण त्यांच्या मते पहिली भेट धरायची नव्हती.

घड्याळजी स्वभावाने शिस्तीचे. त्यांनी न सांगता गैरहजर राहणं शिष्टाचाराला धरून नाही असं ठरवलं आणि मिस्सा संपल्यावर ते फादरांना गाठायला आले.

"फादर, पुढच्या रविवारी मी येणार नाही."

"बाहेरगावी चाललात का?"

"छे, घरीच आहे. मंगळवारी साडेचार जमेल का तुम्हाला? बुधवारी माझ्याकडे गिऱ्हाईक असतं."

फादरांनी सवयीने डायरी काढली आणि मंगळवारी साडेचार लिहून घेतलं. घड्याळजी दाराबाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण आत्ता एका भाविकाला मिस्सा चुकवायची तारीख आणि वेळ दिली.

खरं सांगायचं तर फादरांना हे हिंडणं आवडू लागलं होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. बारा वर्षं वेदीवरून जे कळलं नव्हतं ते एका चहात कळत होतं. घड्याळजींच्या घरी भिंतीवर सोळा घड्याळं होती आणि एकही चालू नव्हतं. बायको गेल्यापासून टिकटिक सोसत नाही, म्हणाले. दिवसभर दुकानात ऐकतो तेवढी पुरे. फादर तिथे दोन तास बसले. किती वाजले हे कळायला मार्ग नव्हता.

पण सातवा रविवार जवळ येत होता. फादरांनी शेवटी जेवताना मावशींपुढे आकडे मांडले आणि लोकांना झालंय तरी काय, असं विचारलं.

"लोकांना काही झालेलं नाही," मावशी म्हणाल्या. "जो चर्चला येतो त्याला प्रवचन मिळतं. जो येत नाही त्याला तुम्ही मिळता. आता तुम्हीच सांगा, कोण येईल?"

फादरांनी घास तसाच हातात धरला. गणित सरळ होतं आणि त्यात त्यांच्या प्रवचनांविषयी जे म्हटलेलं होतं तेही सरळ होतं.

पाचव्या रविवारी त्यांनी वेदीवरून जाहीर केलं की गैरहजर भाविकांच्या घरी जाणं आजपासून बंद. शब्द नेमके होते, आवाजही चांगला लागला होता. एकच अडचण होती. ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते घरी केक कापून वाट बघत होते. आणि जे एक्काहत्तर लोक चर्चमध्ये होते त्यांनी यातून एवढाच अर्थ घेतला की योजना संपत आली आहे आणि आपला नंबर अजून लागलेला नाही. जाता जाता दोघातिघांनी फादरांचा हात हातात घेऊन सांगितलं, तसं कसं फादर, सगळ्यांकडे गेलात आणि आमच्याच वेळेला बंद? फादरांच्याने नाही म्हणवेना. सहाव्या रविवारी बावन्न.

आता एकच उपाय दिसत होता. उलट करायचं. जो येतो त्याच्याच घरी जायचं, आणि तेही चारचौघांना दिसेल असं. यासाठी त्यांनी ऑर्गनमास्तरांची निवड केली. मास्तर बावीस वर्षं ऑर्गन वाजवत होते आणि ते नसले तर गाणंच होत नसल्यामुळे त्यांना गैरहजर राहायची कधी सोयच नव्हती. यापेक्षा योग्य माणूस शोधूनही सापडला नसता. बुधवारी भर संध्याकाळी, मास्तरांच्या बिल्डिंगमधले लोक जिन्यात उभे असताना, फादरांनी त्यांची बेल वाजवली.

एव्हाना फादर दारात उभे असणं म्हणजे काय, हे वस्तीत सगळ्यांना पाठ झालं होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मास्तरांच्या बायकोला हलक्या आवाजात विचारलं, की मास्तर हल्ली चर्चला येत नाहीत वाटतं, घरी सगळं ठीक ना? दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानेही सहानुभूती दाखवली. मास्तरांच्या सासूबाईंचा तर दुसऱ्या शहरातून फोन आला.

गुरुवारी मास्तर फादरांच्या घरी आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"बावीस वर्षं," मास्तर म्हणाले. "सर्दी असताना वाजवलं. हाताला प्लास्टर असताना एका हाताने वाजवलं. माझी बदनामीच करायची होती तर सरळ प्रवचनात करायची, फादर. घरी कशाला यायचं?"

"मास्तर, मी तुमचं कौतुक करायला आलो होतो."

"लोकांना काय माहीत? तुम्ही कौतुक करायला कधी कुणाकडे गेलायत?"

मास्तर पुलापलीकडच्या चर्चमध्ये निघून गेले आणि जाताना गाणारे नऊ जण घेऊन गेले.

त्या आठवड्यात फादरांनी एकतीस घरं केली. कुणाला नाही म्हणायचं धैर्य उरलं नव्हतं आणि आता फरकही पडणार नव्हता. एकतीस घरचा केक सहा दिवसांत खाऊन शनिवारी दुपारी त्यांचं पोट फुटलं नाही इतकंच. डॉक्टर आले. ते स्वतः तीन रविवार गैरहजर होते आणि गुरुवारी त्यांच्याकडेही दोन तुकडे झाले होते, त्यामुळे निदानाला वेळ लागला नाही. दोन दिवस अंथरुणातून हलायचं नाही. फादरांनी उद्याचा रविवार कुठला आहे ते सांगायचा प्रयत्न केला. मावशींनी त्यांचे बूट उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवले.

बिशपांच्या कचेरीतले फादर रविवारी सकाळी आठलाच आले. बारीक, सौम्य, नीट विंचरलेले केस. त्यांच्या हातात ते एक छोटं यंत्र होतं, अंगठ्याने कळ दाबली की आकडा एकाने पुढे सरकतो ते. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही. मावशी त्यांना मोजणीफादर म्हणाल्या आणि तेच चाललं. आजारी फादरांच्या जागी मिस्सा त्यांनाच करावी लागली. मागच्या बाकावरून मोजायचं ते वेदीवरून मोजलं, एवढाच फरक. ऑर्गन बंद होता. माणसं अडतीस.

मिस्सेच्या सुरुवातीला त्यांनी शांतपणे सांगितलं की तुमचे फादर आज मिस्सेला येऊ शकलेले नाहीत.

अडतीस माणसांत चुळबुळ झाली. फादर मिस्सेला आले नाहीत. जो मिस्सेला येत नाही त्याचं काय करायचं असतं, हे गेल्या सहा आठवड्यांत या धर्मग्रामाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यावर चर्चेची गरजच नव्हती. कुणीतरी बाकाखाली हात लपवून मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या. प्रवचन संपेपर्यंत त्या दोन ओळी सगळ्या वस्तीत पोचल्या होत्या.

चर्चला लागूनच फादरांचं घर. वर झोपायची खोली, खाली स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची खोली, मध्ये अरुंद लाकडी जिना. पहिल्यांदा बाकबाई आल्या आणि पलंगाजवळच्या एकुलत्या एक खुर्चीवर बसल्या. मग शिंपीणबाई, मग घड्याळजी, मग डॉक्टर, मग बेकरीवाला. दहा मिनिटांत खोली भरली, वीस मिनिटांत जिना. मागून येणारे पायरीपायरीवर उभे राहिले आणि वरून बातम्या खाली पुरवल्या जाऊ लागल्या. फादरांनी डोळे उघडले. फादर पाणी प्यायले. फादर म्हणतायत इतक्या लोकांनी यायची काही गरज नव्हती. यावर खाली कुणीतरी म्हणालं की तसं आम्हीही म्हणायचो. आपल्या लग्नानंतर चर्चकडे न फिरकलेला एक गृहस्थ स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा होता, आणि मावशींनी त्याच्या हातात बटाटे सोलायला दिले होते.

साडेनऊच्या सुमाराला ऑर्गनमास्तर नऊ गायकांना घेऊन पूल ओलांडून आले. पलीकडची मिस्सा अर्धी झाली होती. बावीस वर्षांत अर्धवट सोडलेलं हे त्यांचं पहिलंच वाजवणं. ते वर चढले नाहीत, फादरांशी बोलायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं. ते फक्त येऊन खाली उभे राहिले.

मिस्सा आटोपून मोजणीफादर आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला निघाले. शिवाय अडतीसचा आकडाही सांगायचा होता, आणि तो तोंडी सांगावा एवढं सौजन्य त्यांच्यापाशी होतं. दारात येऊन ते थबकले. त्यांच्या हातातली प्रसादाची लहानशी डबी दिसली तशी घरातली कुजबुज बंद पडली. जो जिथे होता तिथेच त्याने गुडघे टेकले, पायरीवर, चुलीपाशी, एक जण तर बुटांच्या फळीवर. मधून वाट झाली. मोजणीफादर एकेक पायरी चढत वर गेले. वर प्रार्थना सुरू झाली तेव्हा तिचा प्रतिसाद आधी खोलीतून आला, मग जिन्यातून, मग स्वयंपाकघरातून, थोडा मागे पडत पण पुरता. खालून मास्तरांनी ऑर्गनशिवाय गाणं उचललं. फादरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. केकमुळे, असं ते नंतर म्हणाले.

गाणं थांबल्यावर मोजणीफादरांनी घसा साफ केला.

"फादर, मला सांगायला वाईट वाटतं. आज चर्चमध्ये अडतीस होते."

फादरांना डोळे मिटल्यावर ट्रे दिसला, ट्रेमध्ये सूप.

"आणि इथे?" दारातून मावशींनी विचारलं.

"इथे मोजायचं माझं काम नाही."

"मग जिना चढताना तुमच्या खिशात काय वाजत होतं?"

मोजणीफादरांनी झग्याच्या खिशातून हात बाहेर काढला. यंत्र मुठीत होतं. अंगठ्याला वर्षानुवर्षांची सवय. माणूस दिसला की तो आपला आपण दाबला जाई. त्यांनी आकडा वाचला, यंत्र जरा उजेडाकडे धरून पुन्हा वाचला.

"एकशे चौसष्ट," ते म्हणाले, आणि कुठे बसावं हे न कळून पलंगाच्या कडेला बसले. मावशींनी त्यांना चहा आणून दिला. केक विचारला नाही.

कचेरीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. कचेरीने दोन्ही आकड्यांचा प्रामाणिकपणे विचार केला होता. फादर येणार या समजुतीने अडतीस भाविक जमले. ते येणार नाहीत असं कळल्यावर एकशे चौसष्ट जमले, आणि त्यांनी उपासनेत भागही घेतला. यावरून धर्मग्राम जिवंत आहे हे निर्विवाद सिद्ध होतं, सबब तो कुठेही सामावून घेण्याचं कारण नाही. मात्र भाविकांना एकत्र आणण्यात फादरांच्या गैरहजेरीचा वाटा लक्षात घेता, त्यांनी महिन्यातून एका रविवारी गैरहजर राहावं, अशी बिशपांची प्रेमपूर्वक सूचना आहे. त्या दिवशीच्या मिस्सेसाठी कचेरीतून माणूस पाठवण्यात येईल.

फादरांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. चर्च वाचलं होतं, नोकरी वाचली होती, सूप टळलं होतं. तरी आपला अपमान झालाय की सन्मान, हे त्यांना पत्रात कुठे सापडेना. त्यांनी ते मावशींपुढे ठेवलं.

"पहिला रविवार घ्या," मावशी वाचून म्हणाल्या. "तिसऱ्या रविवारी मला चादरी धुवायच्या असतात."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी फादर पहाटेच उठले, दाढी केली, अंघोळ केली आणि इस्त्रीचा सदरा घालून पुन्हा अंथरुणात शिरले. तब्येत उत्तम होती. कोणी आलं काय आणि न आलं काय, आपल्याला त्याचं काही नाही, असं त्यांनी न्याहारीच्या वेळी मावशींना दोनदा सांगितलं होतं. शेजारून साडेआठची घंटा झाली. मग ऑर्गन सुरू झाला, पुलापलीकडून परतलेले मास्तर जरा घाईत वाजवत होते. फादरांनी उशी सरळ केली, मग तिरकी केली, मग परत सरळ. खुर्च्या कमी पडतील का, असं त्यांनी खाली विचारलं. मावशींनी वरच्या खोलीत आणखी दोन आणून ठेवल्या.

"जिन्यावर पाय वाजल्यासारखे वाटले," फादर म्हणाले.

"फादर, नऊसुद्धा वाजले नाहीत. अजून प्रवचन चाललंय."

"माहीत आहे मला." फादरांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. "तरी एकदा खिडकीतून बघा, मावशी. कोणी लवकर निघालं असेल."